ओढायच्या जुन्या नांगराची जोडणी – मदत हवी आहे

राम राम मंडळी. आजोबांच्या वेळचा दोन फाळी लोखंडी नांगर बाहेर काढलाय. थ्री पॉइंटचा, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या तीन दांड्यांना जोडून हायड्रॉलिकने उचलायचा, नाही. ड्रॉबारला (ट्रॅक्टरमागच्या खालच्या ओढपट्टीला) अडकवून ओढायचा, दोरी ओढली की स्वतःच्या चाकावर उचलला जाणारा. ट्रॅक्टर ३५ एचपीचा, जमीन मध्यम काळी, बांधाकडे दगड.

फाळ पाजवून आणलेत, ग्रीस भरलंय. तरी पुढचा फाळ सहा इंच जातो, मागचा नुसता खरवडतो. अडकवायचं टोक वर घ्यावं की खाली?

शेजारचे काका म्हणतात, "टॉप लिंकच्या पिनेला साखळी बांध, जोर येईल." टॉप लिंक म्हणजे त्या तीनपैकी वरची दांडी, तिची पिन ॲक्सलच्या वर असते. ते काही मी करणार नाही. ओढ ॲक्सलच्या वर गेली की ट्रॅक्टर पुढून उचलतो आणि थेट मागे उलटू शकतो.

खरी धास्ती दगडाची. अशा काही नांगरांना जोडाजवळ लाकडी खुंटी असायची, फाळ अडला की ती तुटून नांगर सुटायचा. माझ्या नांगराच्या त्या भोकात कुणीतरी जाडजूड बोल्ट ठोकलाय! तिथे कसलं लाकूड घालावं, किती जाड? बाभूळ फार चिवट पडेल ना?

आणि दोरी मागच्या टायरमध्ये गुंतू नये म्हणून कुठून घेता? असा नांगर चालवलेल्या जाणत्यांनी सांगा.