अस्त्राची आग चिकटवल्यासारखी दिसते, काय करावं?

परभणीचा_कॅमेरा:
पौराणिक सुपरहिरोवर दहा मिनिटांची शॉर्टफिल्म चालू आहे. नायकाच्या मुठीतल्या गवताच्या काडीतून अस्त्र पेटतं. रात्रीचा शॉट, मोकळं रान, कॅमेरा ट्रायपॉडवर. काळ्या पार्श्वभूमीवरची आगीची क्लिप स्क्रीन मोडवर (काळा भाग गायब होऊन फक्त उजेड मिसळतो, त्या पद्धतीनं) टाकली, तरी आग वेगळी अन् माणूस वेगळा दिसतो. शेवट वेरूळच्या कैलास लेण्यात रात्री घ्यायचाय.

कंपोझिटर_संभाजीनगर:
क्लिप बदलून काही होणार नाही, शॉट परत घ्या. आगीचा उजेड हनुवटीखाली, बोटांच्या आतल्या बाजूला पडलेला नसणार, डोळ्यांत चमकही नसणार. ज्वाला जिथं येणार तिथंच, म्हणजे मुठीत, बॅटरीवरची छोटी एलईडी ट्यूब द्या. स्टँडवरच्या लाइटनं भागत नाही. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई राहतो, म्हणून खऱ्या ज्वालेनं तळहात भगभगीत दिसतो अन् खांदा अंधारात जातो. लांबच्या लाइटनं दोन्ही सारखेच उजळतात.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातली रंगछटेची सेटिंग, 5600 केल्विनवर लॉक करा, ट्यूब 2500च्या आसपास ठेवा. ऑटोवर कॅमेरा नारंगी रंग धुऊन काढतो. 25 फ्रेमला शटर 1/50. स्वस्त ट्यूब मंद केली की चित्रात पट्ट्या येतात, त्यामुळे ती पूर्ण उजेडावरच ठेवून वर बटर पेपर गुंडाळा. नायक बाजूला गेल्यावर त्याच फ्रेमची रिकामी प्लेट, म्हणजे माणूस अन् ट्यूब नसलेला शॉट, घ्या, ट्यूब त्यावरून पुसता येते. फक्त ट्यूब अंगासमोर येऊ देऊ नका, तिथं प्लेट कामाची नाही.

लातूरचा_गॅफर:
काळी माती उजेड गिळते, त्यामुळे पायाखाली काहीच दिसत नाही. पाणी मारू नका, चिखल बुटाला लोंबतो. ज्वारीचं भुसकट पसरा, फिकट असल्यानं नारंगी छटा छान धरतं.

पोथी_आणि_पटकथा:
काडीची कल्पना फार चांगली. महाभारताच्या सौप्तिक पर्वात अश्वत्थामा काडीच मंत्रून अस्त्र सोडतो. अर्जुन आपलं अस्त्र आवरतो, अश्वत्थाम्याला ते जमत नाही, अन् अस्त्र उत्तरेच्या गर्भावर जातं. सोडता येतं पण आवरता येत नाही, हे प्रेक्षकाला पहिल्या दोन मिनिटांत कळू द्या. नाहीतर शेवटी आग कितीही मोठी केली तरी कुणाला धाकधूक वाटत नाही.

वेरूळला मात्र रात्रीचं धरून चालू नका. लेणी संध्याकाळी बंद होतात, मंगळवारी तर पूर्ण बंद. चित्रीकरणाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची लेखी परवानगी लागते. त्यापेक्षा घडीव काळ्या दगडाचा एखादा जुना वाडा मालकाला विचारून घ्या. वेरूळचा दगडही बेसाल्टच, रंग जुळतो. आधी 16 क्रमांकाच्या, म्हणजे त्याच कैलास लेण्यातलं कैलास हलवणाऱ्या रावणाचं शिल्प नीट बघून या. शिव-पार्वती वर, रावण खाली खोबणीत. नायकाला तसाच खाली बसवलात तर मुठीतला उजेड वरच्या भिंतीवर आपोआप चढेल.