शब्दचर्चा : खिडकी ‘बंद’ केली, मग ॲप चालू कसं?

यावल (धागा सुरू करणारी)

मी यावलला कॉम्प्युटरचा क्लास घेते. बचत गटाचा हिशोब ठेवणाऱ्या काही मावशी येतात, बहुतेक पन्नाशीच्या पुढच्या. मागच्या आठवड्यात त्यांच्यातल्या एकीने विचारलेल्या प्रश्नाने मी अजून अडकून पडले आहे, म्हणून इथे मांडते.

झालं असं. संध्याकाळी हिशोब आटोपल्यावर मावशींनी कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केलं. खिडकी गेली, त्यांनी लॅपटॉपचं झाकण खाली केलं. सकाळी परत चिन्हावर टिचकी मारली तर पडद्यावर पाटी आली, ‘हा प्रोग्राम आधीच चालू आहे’. मावशी म्हणाल्या, “काल मी सोता बंद केला व्हता ना! मंग चालू कोनी केला?”

कोणीच केला नव्हता. तो बंदच झाला नव्हता. खाली घड्याळाजवळच्या बाणावर क्लिक करून मी त्यांना ते छोटं चिन्ह दाखवलं. त्यांनी ते नीट पाहिलं आणि विचारलं, “मंग फुली म्हंजे झाकन का लाल बटन?”

हे विहिरीवरच्या मोटारीवरून आलं. स्टार्टरच्या पेटीत हिरवं बटण असतं आणि लाल. हिरवं दाबून मोटार सुरू केली, पेटीचं झाकण लावलं, पाऊस लागू नये म्हणून वर खताची रिकामी गोणी टाकली, तरी पाणी केळीत पडतच राहतं. थांबवायचं तर झाकण उघडून लाल बटणच दाबावं लागतं. ज्या बाईने हे आयुष्यभर केलं आहे, तिला खिडकी आणि प्रोग्राम वेगळे आहेत हे शिकवावं लागत नाही. तिला फक्त एवढंच कळायला हवं असतं की या फुलीने दोहोंपैकी काय होतं. आणि ते आपण तिला सांगत नाही, कारण दोन्हीला आपण ‘बंद’च म्हणतो.

दार बंद म्हणजे मिटलेलं. पंखा बंद म्हणजे थांबलेला. एसटी बंद म्हणजे आज येणारच नाही. पेपर बंद केला म्हणजे उद्यापासून घेणार नाही. फारसीतून आलेल्या या एका शब्दात आपण इतकं कोंबलं आहे की झाकणं आणि थांबणं यांतला फरकच पुसला गेला. ‘बंद करा’ असं वाचलं की मराठी माणूस थांबलं असंच धरून चालणार. त्याची चूक नाही.

‘बाहेर पडा’ हा दुसरा शब्द तर मला मुळीच पटत नाही. मी घराबाहेर पडले म्हणून घर मोडत नाही, चुलीवरचं दूध उकळतच राहतं. प्रोग्राम पूर्ण संपवायच्या बटणावर हा शब्द म्हणजे अगदी उलटा अर्थ. ‘सोडा’ही तसाच. आमच्याकडे पाणी सोडलं म्हणजे सुरू झालं, भुसावळहून गाडी सोडली म्हणजे निघाली.

माझं मत असं : मराठीत ‘बंद करा’ हे शब्द फक्त तिथेच लिहावेत जिथे काम खरोखर थांबतं. नुसती खिडकी जात असेल तर ‘खिडकी मिटा’, आणि पूर्ण संपवायचं असेल तर ‘थांबवा’. तुमच्याकडे काय म्हणतात?

धुळे

ताई, मी छपाईच्या कामात आहे, वीस वर्षं ॲपलच्या मॅकवर बसतो. आमच्याकडे खिडकीच्या कोपऱ्यातला लाल गोल हे झाकण आहे, रंग लाल असला तरी. तो दाबला, म्हणजेच कमांड-डब्ल्यू केलं, की खिडकी जाते, प्रोग्राम राहतो. खाली डॉकमध्ये, म्हणजे चिन्हांच्या पट्टीत, चिन्हाखाली ठिपका दिसतो, तो असेपर्यंत मोटार चालू. संपवायला कमांड-क्यू.

याला कारण आहे. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशपासून मेनूची पट्टी पडद्याच्या वरच्या काठाला आहे, खिडकीत नाही. पत्रिकेची फाइल मिटली तरी पट्टी वर उभीच असते, दुसरी फाइल लगेच उघडता येते. लग्नसराईत आम्ही दिवसाला पंधरा-वीस पत्रिका उघडतो-मिटतो. दर वेळी प्रोग्राम संपून पुन्हा सुरू व्हायला लागला तर हात बांधले जातील. विंडोजमध्ये मेनू खिडकीतच असतो, खिडकी गेली की धरायला काही उरत नाही, म्हणून तिथे शेवटच्या खिडकीबरोबर प्रोग्रामही जायची रीत पडली. १९९५ च्या विंडोज ९५ ने उजव्या कोपऱ्यात ती फुली दिली आणि घड्याळाशेजारची चिन्हांची जागाही दिली. तुमच्या मावशींचा घोटाळा या दोन गोष्टी एकत्र आल्यामुळे आहे.

मॅकवरही कॅल्क्युलेटरसारखा एकाच खिडकीचा प्रोग्राम लाल गोलाने पूर्ण संपतो. शेवटची खिडकी गेल्यावर संपायचं का, हे प्रोग्राम लिहिणाराच ठरवतो. म्हणून शब्द बदलला तरी प्रत्येक ठिकाणी तो खरा आहे का हे पाहावं लागेल.

अमळनेर

‘खिडकी मिटा’ कानाला खटकतं. डोळे मिटतात, छत्री मिटते, वही मिटते. जे दुमडतं किंवा पापणीसारखं जुळतं ते मिटतं. खिडकी आपण लावतो. “वारा सुटला, खिडकी लाव”, हेच कोणीही म्हणेल.

पण इथे गंमत नाही, खरी अडचण आहे : ‘लावणे’ दोन्हीकडे धावतं. दार लावलं म्हणजे बंद झालं, रेडिओ लावला म्हणजे सुरू झाला. “मोटार लाव” म्हणजे चालू कर. ‘ॲप लावा’ लिहिलं तर निम्मे लोक उघडतील आणि निम्मे घालवतील.

मी ‘लोटणे’ सुचवतो. दार लोटलं म्हणजे मिटलेलं दिसतं पण कडी नाही. आतलं माणूस जागं आहे, हाक मारली की उघडेल. घड्याळाजवळ जाऊन बसणाऱ्या प्रोग्रामचं याहून नेमकं वर्णन मला सापडत नाही. आमच्या अहिराणीतही विचारायची सवय आहे, “मोटार चालू शे का?” खिडकी दिसते का असं कोणी विचारत नाही.

यावल

‘लोटणे’ फार आवडला. ‘मिटा’चा आग्रह मी सोडते, तुमचा आक्षेप बरोबर आहे.

धुळ्याच्या दादांचंही पटतं, पण एक बाजू राहिली. लोटलेल्या दाराआडून खर्च होत असतो. गेल्या उन्हाळ्यात मी फायली आपोआप वर चढवणाऱ्या एका प्रोग्रामची खिडकी घालवली, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप तसाच ठेवला आणि पाहुण्यांत बसले. तासाभरात दिवसभराचा दीड जीबी डेटा संपला. संध्याकाळच्या बॅचला इंटरनेटच नाही. ज्या घरी वायफाय आहे तिथे हे लक्षातही येणार नाही, आमच्याकडे येतं.

आणि कॉम्प्युटर सुरू केल्यावर स्वतःहून उठणारे प्रोग्राम म्हणजे आपल्याकडचे ऑटोवाले पंप. लाइट आली की पंचक्रोशीतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि भार पडतो डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर. जुन्या लॅपटॉपची सकाळी पहिली पाच मिनिटं अशीच जातात.

भुसावळ

आमच्या ऑफिसात कोणी ‘बंद करा’ही म्हणत नाही आणि ‘लोटा’ही म्हणणार नाही. “कट कर” म्हणतात. फोन कट, खिडकी कट. तरी फुलीबद्दल बोललं पाहिजे. शाळेत चुकलेल्या उत्तरावर फुली, रद्द झालेल्या नावावर फुली. खूणच ‘संपलं’ म्हणून सांगते, खाली शब्द कोणताही लिहा. लोटायचंच असेल तर फुली नको, दुसरी खूण हवी. आडवी रेघ आहेच की, खिडकी खाली ठेवायची.

चोपडा

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी : ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपने २०१७ मध्ये (आवृत्ती ३.२६) ती चिन्हांची जागा काढून टाकली, तेव्हा लोटलेले प्रोग्राम दिसेनासे झाले आणि लोक वैतागले. २०२३ च्या ४४ व्या आवृत्तीत वरच्या कोपऱ्यातल्या मेनूमध्ये खिडकीविना चालू असलेल्या काही ॲप्सची यादी आली. तिथूनच ते थांबवता येतात. मला ही सोय सगळ्यांत प्रामाणिक वाटते.

यावल

भुसावळच्या दादांचा मुद्दा मान्य. फुली असेल तर थांबलंच पाहिजे, निदान एकाच खिडकीच्या प्रोग्राममध्ये. आणि थांबणार नसेल तर पहिल्यांदा तरी पाटी दाखवा : ‘खिडकी लोटली आहे, काम चालू आहे. थांबवायचं का?’

काल क्लासमध्ये फळ्यावर तीन शब्द लिहिले : बंद करा, लोटा, थांबवा. अर्थ सांगितला नाही. सगळ्यांना विचारलं, रात्री झोपताना कोणतं बटण दाबाल? नऊजणींपैकी आठ ‘थांबवा’ म्हणाल्या. त्याच मावशी म्हणाल्या, “आधी लाइट हाये का पाहीन.”

अमळनेर

आणि ब्राउझरचा टॅब? तो लोटायचा की लावायचा?

यावल

त्याला आम्ही पान म्हणतो. आठ-दहा पानं उघडी असली की मावशी म्हणतात, एक-एक पान मिटत या. तिथे ‘मिटणे’ चालेल ना?

अमळनेर

चालेल. वहीसारखंच आहे ते.