मदत मागायला पाऊल कशानं पडलं?

दारू सुटल्यावरच्या कहाण्या पुष्कळ ऐकतो. त्याआधीचं लिहा: 'मला एकट्याला जमत नाहीये' हे पहिल्यांदा कुणाला सांगितलंत, आणि तेव्हाच का? नाशिक आणि आसपासच्यांनी मोकळेपणानं लिहावं, खरं नाव नको. माळ घाला, वणीला शपथ घ्या, हे सल्ले सगळ्यांना पाठ आहेत. (ज्यांची त्यानं सुटली त्यांना नमस्कारच.)

सातपूरकर
मी सीएनसीवर. फर्स्ट शिफ्टला माप घेताना व्हर्निअर हातात थरथरायचा. सेकंडला नाही, कारण येताना नव्वद मारलेली असायची. शेजारच्या मशीनवरचा ट्रेनी पोरगा काही न बोलता माझ्या जॉबची मापं घेऊन रजिस्टरमध्ये भरायला लागला. बायको भांडली, आई रडली, तेव्हा मी ढिम्म हललो नव्हतो. पण मिसरूडही न फुटलेलं पोर आपल्याला सांभाळून घेतंय, हे काही पचेना. त्याचे काका एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगला जायचे. त्यालाच म्हटलं, मला ने. तिथं फी नाही, अट एकच: पिणं थांबवायची इच्छा. माझ्याकडे तीही धड नव्हती. नुसता बसलो. एक जण सकाळी ब्रश करताना येणाऱ्या कोरड्या उमाळ्यांबद्दल बोलत होता. मला वाटायचं, ते माझ्या एकट्याचंच.

निफाडची सून
आमच्यात पिणारे हे. ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की बागेतच बैठक. मी सोसायटीत 'तब्येत बरी नाही' सांगायचे, उधाऱ्या भागवायचे, अंथरूण धुवायचे. अल-अॅनॉनमध्ये, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या गटात, एका ताईंनी विचारलं, "सगळं तुम्हीच निस्तरता, मग त्यांना कळायचं कसं?" रागच आला मला. पण पुढच्या खेपेला औषधाच्या दुकानदाराचा वसुलीचा फोन आला, तो मी यांच्या हातात दिला आणि भाकरी टाकायला गेले. बोलले काहीच नाही. काही आठवड्यांनी एका सकाळी हेच म्हणाले, "पुण्याच्या मुक्तांगणला विचार." सासऱ्यांना पुलंनी मदत केलेली व्यसनमुक्तीची संस्था म्हणून ते नाव आधीपासून ठाऊक. मी चौकशी करून, बॅगेचंसुद्धा बघून ठेवलं होतं. घरच्यांनी एवढं कराच. सकाळचा 'हो' दुपारपर्यंत टिकेलच असं नाही.

पंचवटी
मी घटस्थापनेला झटक्यात बंद केली. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्याच मुंग्या, अंगाला घाम. भावानं रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम थांबवलं तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत असा भ्रम होतो, जिवावरही बेततं. गोळ्या देऊन हळूहळू उतरवतात, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. घाबरायच्या ऐवजी मला हलकं वाटलं. इतकी वर्षं नालायक ऐकत होतो, इथं कुणी पेशंट म्हणालं. पुढं मानसोपचारवाल्यांकडे गेलो तो त्या एका शब्दावर.

गंगापूर रोड
बाई पीत असेल हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. त्यात आपलं नाशिक. पाहुण्यांना कौतुकानं वायनरी दाखवायची, वाइनला दारू म्हणायचं नाही. माझी बाटली तांदळाच्या डब्यामागे. कामाच्या मावशी रिकाम्या बाटल्या पेपरात गुंडाळून भंगारात द्यायच्या, जिन्यात वाजू नयेत म्हणून. एकदा गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "ताई, आमचे हे यातच गेले." त्या रात्री टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ लावला. चेहरा दाखवायचा नव्हता, म्हणून जमलं. मराठीत बोलले, हेही बरं झालं.

जेलरोड
सगळं वाचलं. मी अजून पितो. सोडायची इच्छा आहे असं छातीठोक म्हणवत नाही. घरी सांगायची हिंमत नाही. आजची क्वार्टर आणून ठेवलेली आहे.

सातपूरकर
दादा, छातीठोक कुणालाच म्हणवत नाही. रोजची असेल तर मनानं एकदम तोडू नका, पंचवटीवाल्यांचं वाचलंत ना, आधी डॉक्टर. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर, फुकट आहे. मीटिंगला यायचं असेल तर मला निरोप टाका, बिटकोला येऊन घेऊन जातो. घेतलेली असली तरी या, फक्त गाडी घरी ठेवा.