मदत हवी आहे: ३,३५,५०,३३६ च्या अंकांची बेरीज शेवटी १ च का येते?

नमस्कार मंडळी, नववीतल्या मुलीच्या गणित प्रकल्पासाठी आम्ही ही संख्या घेतली आहे. ही पाचवी परिपूर्ण संख्या, म्हणजे स्वतःला सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज केली की पुन्हा हीच येते. ४०९६ × ८१९१ अशी फोड होते. ४०९६ हा २ चा बारावा घात आणि ८१९१ मूळ संख्या, त्यामुळे विभाजक फक्त २६. काल रात्री आम्ही ते वहीत मांडून खरंच बेरीज केली. उत्तर जुळलं तेव्हा पोरगी टाळ्या वाजवत उठली!

हीच संख्या त्रिकोणीही आहे, १ ते ८१९१ ची बेरीज. शिवाय १ पासून १२७ पर्यंतच्या विषम संख्यांचे घन मिळवले तरी हीच येते. हर्षद संख्या, म्हणजे जिला स्वतःच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो अशी, मात्र नाही. देवळालीच्या गणितज्ञ कापरेकर गुरुजींची ही कसोटी लावली. अंकांची बेरीज २८, आणि २८ ने भाग जात नाही. पण २८ स्वतः परिपूर्ण, हे बघून फार छान वाटलं.

आता अडलंय ते इथे. २८ चे २+८=१०, मग १. ४९६ आणि ८१२८ या परिपूर्ण संख्यांचंही शेवटी १ च. फक्त ६ अपवाद. सम परिपूर्ण संख्यांना ९ ने भागल्यावर ६ सोडून नेहमी बाकी १ उरते, एवढं वाचलंय. याची सिद्धता नववीच्या मुलीला पेलेल अशा भाषेत कुणी सांगेल का? घातांकाचे नियम तिला येतात. पुढच्या सोमवारी प्रकल्प द्यायचा आहे.