फाशी की जन्मठेप: 'चौदा वर्षांत सुटतो' हे कितपत खरे?

गंगापूररोडकर (प्रश्न):

नमस्कार. आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिक संघात दर महिन्याला एका विषयावर चर्चा होते आणि पुढच्या बैठकीसाठी 'फाशी की जन्मठेप' हा विषय ठरला आहे. विषय ठरत असतानाच बहुतेकांचा सूर एकच लागला. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, त्यातून पॅरोल, फर्लो या रजा आणि चांगल्या वर्तणुकीची माफी वजा केली की दहा-बारा वर्षांत माणूस उजळ माथ्याने बाहेर; मग निर्घृण खून करणाऱ्याला फाशीवाचून दुसरी शिक्षा पुरेशी कशी म्हणायची, असे सर्वांचे म्हणणे होते. 2016 साली कोपर्डीच्या घटनेनंतर नाशिकमध्ये जो प्रचंड मोर्चा निघाला त्यात मीही सहभागी होतो. फाशीची मागणी करणाऱ्यांचा तो संताप खरा होता आणि त्याविषयी आजही माझ्या मनात आदर आहे.

तरीही दोन गोष्टी समजून घेतल्याशिवाय बैठकीत बोलू नये असे वाटते. कायद्याने जन्मठेप नेमकी किती काळाची असते? आणि ती खरोखरच आयुष्यभराची असेल, तर फाशीने समाजाला त्याहून अधिक काय मिळते? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

फौजदारी_वकील_नाशिक:

आपला पहिला प्रश्न आधी घेतो, कारण चौदा वर्षांचा समज इतका खोलवर रुजला आहे की न्यायालयाच्या आवारातही तो रोज कानावर पडतो.

जन्मठेप म्हणजे दोषीच्या नैसर्गिक आयुष्याच्या अखेरपर्यंतचा कारावास, असे सर्वोच्च न्यायालयाने 1961 सालीच स्पष्ट केले आहे. ज्या खटल्यात हा निर्णय झाला त्याचा आपल्या गावाशी संबंध आहे. गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेले गोपाळ गोडसे तेव्हा नाशिकरोडच्या कारागृहात होते. मिळालेली माफी धरली तर आपली वीस वर्षे भरली आहेत, म्हणून आपली सुटका व्हावी, असा त्यांचा अर्ज होता. न्यायालयाने तो फेटाळला. वीस वर्षांचा आकडा कायद्यात आहे तो शिक्षेचे अंश मोजण्यापुरता. त्यावरून जन्मठेप वीस वर्षांनी आपोआप संपत नाही, आणि सरकारने माफीचा आदेश काढल्याशिवाय सुटकेचा हक्क निर्माण होत नाही, असे त्यात सांगितले आहे. गोडसे पुढे 1964 साली सुटले, तेही सरकारच्याच आदेशाने.

चौदा वर्षांचा आकडा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 1978 च्या दुरुस्तीतून आला. तोवर काही राज्यांत खुनाच्या गुन्ह्यातील जन्मठेपेचे बंदी फार लवकर सुटत असत. त्याला आळा घालण्यासाठी, ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते अशा गुन्ह्यात जन्मठेप झालेल्याला प्रत्यक्ष चौदा वर्षे तुरुंगात काढल्याशिवाय सोडता येणार नाही, असे कलम 433अ घालण्यात आले. आज ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 475 म्हणून आहे. म्हणजे चौदा वर्षे ही कमीत कमी मर्यादा आहे, आणि ती मोजताना माफीचे दिवस धरले जात नाहीत. ती पूर्ण झाली की सुटकेचा विचार होऊ शकतो, एवढाच तिचा अर्थ. त्यानंतर शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचे मत, पोलिसांचा अहवाल, गुन्ह्याचे स्वरूप आणि तुरुंगातील वर्तन पाहून गृह विभाग निर्णय घेतो, आणि आपल्या राज्यात गुन्ह्याच्या स्वरूपानुसार बंद्यांचे वर्ग पाडून अधिक वर्षे ठरवली जातात.

याशिवाय 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने एक मधला मार्ग काढला आणि 2015 साली घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. फाशी जास्त होते आणि साधी जन्मठेप अपुरी वाटते अशा प्रकरणात उच्च न्यायालय किंवा सर्वोच्च न्यायालय 'इतकी वर्षे माफीचा विचार करू नये' किंवा 'मरेपर्यंत सुटका नाही' असा आदेश देऊ शकते. पुण्यातील 2007 च्या कॉल सेंटर कर्मचारी तरुणीच्या बलात्कार व खून प्रकरणात, फाशीच्या अंमलबजावणीला अवाजवी उशीर झाला म्हणून, मुंबई उच्च न्यायालयाने 2019 साली दोन्ही दोषींची फाशी रद्द करून 35 वर्षांची शिक्षा दिली. ज्यांना जन्मठेप ही सवलत वाटते त्यांनी हा आकडा ध्यानात घ्यावा.

आता दुसरा प्रश्न. एकेकाळी आपल्याकडे खुनाला फाशी हा नियम होता आणि न्यायाधीशाने जन्मठेप दिली तर त्याला कारणे लिहावी लागत. 1955 साली ती अट गेली, 1973 च्या संहितेने उलट फाशी देण्यासाठी विशेष कारणे मागितली, आणि 1980 च्या बचनसिंग निर्णयापासून 'दुर्मिळातील दुर्मीळ' ही कसोटी आली. कसोटी उत्तम आहे. ती लावणारी माणसे मात्र वेगवेगळी असतात, आणि माझी फाशीविषयीची हरकत इथूनच सुरू होते.

आपल्याच जिल्ह्यातील प्रकरण सांगतो. 2003 च्या जून महिन्यात नाशिकमध्ये एका शेतातील घरावर रात्री दरोडा पडला, पाच जणांचे खून झाले, स्त्रियांवर अत्याचार झाले. भटक्या जमातीतील सहा गरीब माणसांवर खटला चालला. 2006 साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. 2007 साली उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. त्यांच्यापैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे त्यानंतर सिद्ध झाले. पुढे पुनर्विलोकनाचे अर्ज खुल्या न्यायालयात ऐकले गेले आणि मार्च 2019 मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवले. प्रत्यक्षदर्शी स्त्रीने घटनेनंतर लगेच पोलिसांकडील छायाचित्रांतून भलत्याच चौघांना ओळखले होते, आणि त्या चौघांचा नीट तपासच झाला नव्हता. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई आणि पुढील तपासाचा आदेश दिला.

ही माणसे जवळजवळ सोळा वर्षे आत होती. ती वर्षे कुणी परत देऊ शकत नाही, पण 2019 चा निकाल ऐकायला ती जिवंत होती. 2009 नंतर लगेच अंमलबजावणी झाली असती तर सहा निरपराध माणसे शासनाच्या हातून मारली गेली असती आणि आपण सर्वांनी न्याय झाला म्हणून समाधान मानले असते. एकाच पुराव्यावर शिक्षेचा हिशेब न्यायालयागणिक बदलत गेला, आणि शेवटी तो पुरावाच टिकला नाही. विधी आयोगाने 2015 च्या 262 व्या अहवालात दहशतवादाशी संबंधित गुन्हे आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारणे वगळता फाशी रद्द करण्याची शिफारस केली आहे. आपल्या जिल्ह्यातील एवढे एक प्रकरण ज्याने वाचले, त्याला ती शिफारस अवास्तव वाटणार नाही.

निवृत्त_तुरुंगाधिकारी:

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला. मी कारागृहात नोकरी केली आहे, त्यातही बरीच वर्षे नाशिकरोडला, त्यामुळे जे पाहिले तेवढेच सांगतो.

नाशिकरोडला फाशीची व्यवस्था नाही. राज्यात ती येरवड्याला आणि नागपूरला आहे. आमच्याकडे मोठी संख्या होती ती जन्मठेपेच्या बंद्यांची. सुतारकाम, विणकाम आणि गणपतीच्या दिवसांत मूर्तिकाम करणारे बहुतेक हात त्यांचेच, कारण काम शिकून मुरायला लागणारी वर्षे त्यांच्यापाशीच असतात. पहिली काही वर्षे माणूस अपिलाच्या आशेवर काढतो. अपील फेटाळले गेले की तो बदलतो. मुलाखतीला आधी सगळे घर येते, मग फक्त आई आणि पत्नी, पुढे एकटी आई, आणि ती गेली की कुणीच नाही. संध्याकाळची बंदी झाली, बराकीला टाळा लागला आणि गिनती जुळली की जो माणूस कुणाशी न बोलता भिंतीकडे तोंड करून पडतो, त्याला मोकळीक मिळाली आहे असे निदान मला कधी वाटले नाही.

रजेविषयीही गैरसमज आहेत. संचित रजा, म्हणजे फर्लो, आणि अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संचित रजेचे दिवस शिक्षेत धरले जातात, अभिवचन रजेचे धरले जात नाहीत. तेवढे दिवस पुढे भोगावेच लागतात. आणि दोन्ही अर्ज केला की मिळतात असे मुळीच नाही.

चौदा वर्षे पूर्ण झालेल्या एका बंद्याचा मुदतपूर्व सुटकेचा प्रस्ताव मंत्रालयातून परत आला, तेव्हा आदेश त्याला वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. त्याचा वर्ग वरचा ठरला होता आणि अजून बरीच वर्षे बाकी होती. त्याने हिस्टरी तिकीट, म्हणजे बंद्याच्या नोंदींचा कागद, हातात घेतले, माफीचे रकाने बोटाने खालपर्यंत तपासले आणि विचारले, "साहेब, मग हे कशाला लिहिता?" तो वागणुकीने चांगला होता. ज्याचा खून झाला त्याचे घर उद्ध्वस्त झाले होते, हेही माझ्या समोरच्या कागदांत होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात आणि अधिकाऱ्याला त्या दोन्ही घेऊन काम करावे लागते.

एक सूचना मात्र आग्रहाने करतो. सुटकेची काहीच शक्यता नसलेला बंदी सांभाळणे कठीण असते. मरेपर्यंत सुटका नाही, अशी शिक्षा फाशीला पर्याय म्हणून सुचवताना त्या माणसाला पुढची चाळीस वर्षे कोणत्या कारणासाठी नीट वागायला सांगायचे, याचाही विचार आपल्या बैठकीत व्हावा.

सिडकोवासी:

वरचे दोन्ही प्रतिसाद मी दोनदा वाचले. माझ्या धाकट्या भावाचा खून झाला आहे, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी चर्चेपुरता नाही. त्या प्रकरणात जन्मठेप झाली. आम्ही फाशी मागितली होती, आणि ती मागणी चुकीची होती असे मला आजही वाटत नाही. ठरवून, हाल करून माणूस मारणाऱ्याने जगण्याचा हक्क गमावला आहे, असे मी मानते. निरपराध माणसाला फाशी होऊ नये हे वकीलसाहेबांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे; पण तो दोष तपासाचा आहे, आणि जिथे गुन्ह्याबद्दल कणभरही शंका नाही तिथेही तेच कारण पुढे करणे मला पटत नाही.

तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिते. फाशी झाली असती तर आमचा छळ लवकर संपला असता, असे मी आता म्हणू शकत नाही. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातील दोघी बहिणी 1996 साली पकडल्या गेल्या, दयेचा अर्ज 2014 साली फेटाळला गेला, आणि 2022 साली उच्च न्यायालयाने उशिराच्या कारणावरून त्यांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. त्या मुलांच्या आईवडिलांनी पाव शतक निकालाची वाट पाहिली आणि हाती आले ते जन्मठेपच.

मला सर्वांत जास्त लागले ते वेगळेच. आमच्या प्रकरणातील दोषी रजेवर बाहेर आला हे आम्हाला कुणीही कळवले नाही. माझी आई पवननगरच्या बाजारात भाजी घेत होती आणि तो समोरच्या गाड्यावर उभा होता. आई पिशवी तिथेच टाकून घरी आली आणि त्या दिवसापासून एकटी बाहेर पडत नाही. जन्मठेप ही खरी शिक्षा आहे असे आम्हाला पटवून द्यायचे असेल, तर ती कधी आणि किती शिथिल होते हे आम्हाला कळायला नको का? सुटकेचा प्रस्ताव निघेल तेव्हा आमचे कुणी ऐकणार आहे की नाही?

फौजदारी_वकील_नाशिक:

ताई, आपल्या मुख्य मताशी मी सहमत नाही, पण त्यावर आत्ता वाद घालत नाही. आपल्या शेवटच्या प्रश्नांना मात्र उपयोगी पडेल असे उत्तर देता येते.

रजेचा अर्ज आला की संबंधित पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. त्यामुळे आपल्या हद्दीतील पोलीस ठाण्यात आणि कारागृह अधीक्षकांकडे आत्ताच एक लेखी अर्ज देऊन ठेवा. पुढील कोणत्याही रजेच्या चौकशीत आपल्या कुटुंबाचा जबाब नोंदवावा, रजा मंजूर झाल्यास आपल्याला आधी कळवावे, आणि दोषीने आपल्या वस्तीत येऊ नये अशी अट घालावी, असे त्यात स्पष्ट लिहा. आईंच्या बाबतीत घडलेला प्रसंग तारखेसह नमूद करा आणि दोन्ही ठिकाणची पोचपावती जपून ठेवा.

मुदतपूर्व सुटकेसाठी तसाच अर्ज गृह विभागाकडे करा. सुटकेचा आदेश चुकीचा असेल तर पीडित व्यक्तीला तो न्यायालयात आव्हान देता येतो. गुजरात दंगलीतील अत्याचारपीडित बिल्किस बानो यांच्या याचिकेवर 8 जानेवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अकरा दोषींची सुटका रद्द करून त्यांना पुन्हा तुरुंगात पाठवले. वकिलाचा खर्च हा प्रश्न असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणात जावे. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्जाचा मसुदा करून हवा असेल तर येथे व्यक्तिगत निरोप पाठवा, मी या आठवड्यात लिहून देतो.

गंगापूररोडकर:

सर्वांचे मनापासून आभार. ताईंची हरकत नसेल तर त्यांचा प्रतिसाद नाव न सांगता बैठकीत वाचून दाखवीन, आणि रजेवर सुटणाऱ्या बंद्याची आगाऊ सूचना पीडित कुटुंबाला देणे बंधनकारक करावे, अशा मागणीचे निवेदन संघातर्फे जिल्हाधिकारी आणि पोलीस आयुक्तांना द्यावे, हा ठराव त्याच बैठकीत मांडीन. निवेदनात रजेच्या नियमांचा उल्लेख कसा असावा, हे तुरुंगाधिकारी साहेबांनी कृपया सुचवावे.