चिनी विमान कंपनीत कॅप्टन म्हणून जावे का? चार आठवडे काम आणि चार आठवडे सुट्टीच्या कराराबद्दल विचारणा

गोदाकाठ :
नमस्कार. मी मुंबईत एअरबस ए-३२० वर कॅप्टन आहे, वय ४३. दक्षिण चीनमधील एका विमान कंपनीत तीन वर्षांच्या करारावर जाण्याबाबत एका एजन्सीमार्फत माझी बोलणी चालू आहेत. चार आठवडे तिकडे काम आणि चार आठवडे घरी, असे रोस्टर आहे. पगार डॉलरमध्ये मिळेल आणि तिकडचा कर कंपनी भरेल. आईवडील नाशिकला असतात, मुलगी नववीत आहे, त्यामुळे कुटुंब हलवण्याचा विचार नाही. आपल्याकडे कॅप्टनला एक वर्षाची नोटीस द्यावी लागते, म्हणून मी राजीनामा लगेच द्यावा असा एजन्सीचा आग्रह आहे. ज्यांनी तिकडे प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी कृपया सांगावे, रोजचे उड्डाण कसे असते आणि करारात काय पाहून घ्यावे?

दख्खनवारा :
मी २०१६ ते २०२० अशी चार वर्षे तिथे बोईंग ७३७ वर कॅप्टन होतो. राजीनाम्यापासूनच सुरुवात करतो, कारण घाई तिथेच होते. डीजीसीएने, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, २०१७ साली कॅप्टनची नोटीस सहा महिन्यांवरून एक वर्ष केली, हे खरे. पण म्हणून आधी राजीनामा आणि मग वैद्यकीय तपासणी, असा उलटा क्रम लावून घेऊ नका. चीनच्या विमान वाहतूक प्रशासनाची, म्हणजे सीएएसीची, वैद्यकीय तपासणी आपल्यापेक्षा बरीच कडक आहे. पोटाची सोनोग्राफीही होते. माझ्या तुकडीतल्या एका सहकाऱ्याच्या मूत्रपिंडात लहानसा खडा दिसला, ज्याचा त्याला जन्मात कधी त्रास झाला नव्हता, आणि तो जुनी नोकरी सोडून आलेला असल्यामुळे त्याचे फार हाल झाले. रजा काढून जा, सिम्युलेटरची चाचणी आणि वैद्यकीय तपासणी उरकून घ्या, निकाल लेखी हाती येऊ द्या आणि मगच राजीनाम्याचे पाहा.

आता उड्डाणाविषयी. चीनमध्ये उंची मीटरमध्ये देतात. नियंत्रक ८,९०० मीटरवर या म्हणतो आणि तुमच्या समोरचा उंची निवडण्याचा खटका मात्र फुटांत असतो. गणित करायला गेलात तर उत्तर २९,१९९ फूट येईल. पण लावायचे असतात २९,१०० फूट, कारण तिथले उंचीचे थर ठरलेल्या तक्त्याप्रमाणे चालतात. हा तक्ता आम्ही दोघांच्या मध्ये क्लिपला लावून ठेवत असू, आणि आकडा लावल्यावर दोघेही त्या ओळीवर बोट ठेवून तो मोठ्याने वाचत असू. पहिले दोन महिने ही सवय जड जाते, पण ती एकदाही चुकवू नये.

खरी अडचण मात्र भाषेची आहे. नियंत्रक तुमच्याशी इंग्रजीत बोलतो, पण पुढच्या-मागच्या चिनी विमानांशी मँडरिनमध्ये. मुंबईत उतरताना आपल्या पुढे कोण आहे, कोणाला वेग कमी करायला सांगितला, हे आपण नकळत ऐकत असतो आणि त्यावरून पुढचा अंदाज बांधतो. तिथे तो कानच बंद होतो. एकदा पावसाळी ढगांच्या रांगेतून मार्ग काढताना पुढची तीन विमाने डावीकडे वळली आणि मला ते फक्त पडद्यावर दिसले. कारण विचारल्यावर माझा सहवैमानिक म्हणाला की उजवीकडच्या हवाई क्षेत्रात जायला मनाई असल्याचे नियंत्रक त्यांना आधीच सांगत होता. तेव्हापासून मी प्रत्येक उड्डाणाच्या ब्रीफिंगमध्ये सहवैमानिकाला सांगत असे, की आपल्या आसपास जे बोलले जाईल ते विचारायची वाट न पाहता मला सांगत जा. ही मुले तरुण आणि अतिशय शिस्तीची असतात, पण कॅप्टनला मध्येच टोकायला संकोचतात. तो संकोच आपल्यालाच मोडावा लागतो.

प्रत्येक उड्डाणाची नोंद क्यूएआर, म्हणजे विमानातील उड्डाणाची माहिती साठवणाऱ्या यंत्रातून, उतरवून तपासतात. जमिनीला चाक थोडे जोरात टेकले किंवा वेग मर्यादेबाहेर गेला की बोलावणे येते, आणि काही करारांत पगारातून कपातही असते, ते कलम वाचून घ्या. तिथले बहुतेक आकाश लष्कराच्या अखत्यारीत असल्यामुळे दारे बंद करून दोन-दोन तास जमिनीवर बसणे नित्याचे आहे. तो वेळ पगाराच्या तासांत धरतात की नाही, हेही विचारा.

शेवटी २०२० विषयी. मी सुट्टीवर घरी असतानाच २८ मार्चला चीनने परदेशी नागरिकांना प्रवेश बंद केला आणि कंपनीने बिनपगारी रजेचे पत्र ई-मेलने पाठवले. माझा करार कंपनीशी नव्हता, एजन्सीशी होता, आणि एजन्सीने नैसर्गिक आपत्तीच्या कलमाकडे बोट दाखवले. माझे लॉगबुक तिथल्या फ्लॅटमध्येच राहिले. उड्डाणाचे तास प्रमाणित करून मिळायला सात महिने गेले, आणि तेवढे दिवस भारतात अर्जसुद्धा करता येईना. म्हणून दर महिन्याला तासांवर शिक्का घ्या, लॉगबुक सोबत ठेवा आणि डीजीसीएचे वैद्यकीय प्रमाणपत्र एक दिवसही खंडित होऊ देऊ नका.

हिशेबनीस_ठाणे :
मी वैमानिक नाही, पण परदेशात नोकरी करणाऱ्यांची विवरणपत्रे भरतो. चार-चार आठवड्यांचे रोस्टर म्हणजे वर्षात २६ आठवडे, बरोबर १८२ दिवस भारतात. आणि १८२ किंवा अधिक दिवस झाले की आपला कायदा तुम्हाला रहिवासी मानतो, मग चीनमधला पगारही इथे करपात्र होऊ शकतो. आल्या-गेल्याचा दिवस कसा मोजायचा यावरही वाद होतात. कंपनी कर भरणार असली तरी तो भरल्याचा अधिकृत दाखला दरवर्षी तुमच्या नावाने मिळावा, ही अट करारात लिहून घ्या, नाहीतर दुहेरी कर टाळण्याची सवलत मागता येणार नाही. पगारही आधी परदेशातील खात्यात जमा होऊ द्या आणि मग इकडे पाठवा.

गोदाकाठ :
दोघांचेही मनापासून आभार. वैद्यकीय तपासणी आधी करण्याबाबत एजन्सीला आजच लिहिले आहे. सहा आठवडे काम आणि तीन आठवडे सुट्टी असाही पर्याय त्यांच्याकडे आहे. तो घेतल्यास दिवसांचा प्रश्न सुटेल का?

हिशेबनीस_ठाणे :
त्यात भारतातले दिवस साधारण १२१ होतात, म्हणजे १८२ पासून तुम्ही बरेच लांब राहता. मात्र भाडे, व्याज वगैरे धरून तुमचे भारतातील उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर १२० दिवसांची मर्यादा लागू होते. ती ओलांडली तरी चीनमध्ये मिळवलेला पगार सहसा इथल्या करातून बाहेर राहतो, पण त्यावर विसंबण्यापेक्षा पारपत्रावरचे शिक्के जपा आणि मार्च उजाडण्याआधी दिवसांची बेरीज एकदा माझ्यासारख्या कोणाकडून तरी तपासून घ्या.

दख्खनवारा :
सहा-तीन घेणार असाल तर सहावा आठवडा अंगावर येतो, हे अनुभवाने सांगतो. त्या आठवड्यात पहाटेची उड्डाणे लावू नयेत अशी विनंती रोस्टर विभागाकडे लेखी देऊन ठेवा. माझ्या कंपनीत ती मान्य होत असे.