ॲम्ब्युलन्समधून व्हिडिओवर न्यूरॉलॉजिस्ट, स्ट्रोकसाठी हा खर्च परवडतो का?

माणदेशी_पोरगा:
मंडळी जरा मदत हवीय. गेल्या जूनमध्ये आमच्या आप्पांना लकव्याचा झटका (स्ट्रोक) आला, सकाळी साडेसहाला धारा काढून आले आणि बोलता बोलता तोंड वाकडं झालं. आधी तालुक्याला नेलं, तिथं सीटी स्कॅनच नाही, मग दीड तास लांब जिल्ह्याच्या गावी, तिथं सीटी होईपर्यंत साडेअकरा वाजले आणि डॉक्टर म्हणाले की मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची साडेचार तासांची वेळ गेली. उजवा हात अजून उचलत नाही. आता कळतंय की ॲम्ब्युलन्समध्ये कॅमेरा लावून मोठ्या डॉक्टरांना (न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांना) पेशंट दाखवता येतो. आमदारांना निवेदन द्यायचंय पण पहिला प्रश्न पैशाचाच येणार. परवडतं का हे?

रात्रपाळी:
मी चार वर्षं १०८ च्या गाडीवर होतो. आपल्याकडे २०१४ ला ही सेवा सुरू झाली तेव्हाच ९३७ गाड्या आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर, म्हणजे निम्मी तयारी आहेच, फक्त स्ट्रोकचा जाणकार माणूस सोबत नसतो. एक गोष्ट आधीच सांगतो, व्हिडिओ असला तरी इंजेक्शन गाडीत देता येत नाही. गुठळी आहे की रक्तस्राव हे सीटीशिवाय कळत नाही आणि रक्तस्रावात ते दिलं तर पेशंट जातो. मग फायदा काय? शुगर कमी झाली तरी सेम लक्षणं दिसतात ते तिथल्या तिथं तपासता येतं, पेशंट शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ घरच्यांना विचारून पुढे कळवता येते, आणि सगळ्यात मोठं म्हणजे गाडी कुठं न्यायची ते ठरतं. तुमचे आप्पा तालुक्याला थांबलेच नसते, तिकडे सीटीचं टेबल मोकळं ठेवलं असतं.

हिशोबी_ताई:
मी हेल्थ इकॉनॉमिक्समध्ये काम करते. दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. एक म्हणजे सीटी मशीन बसवलेली गाडी, जर्मनीत होम्बुर्गला २००८ मध्ये सुरू झाली, आपल्याकडे आयसीएमआरने (केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) आसाममध्ये चालवली आणि तिथे उपचाराची वेळ जवळपास २४ तासांवरून साधारण २ तासांवर आली. फार मोलाचं काम, पण अशी गाडी कोटींत जाते, तालुक्या-तालुक्याला देता येणार नाही. दुसरी म्हणजे साध्या गाडीत टॅबलेट, कॅमेरा, सिमकार्ड. समजा (हे आकडे मी फक्त समजायला धरतेय) एका गाडीमागे वर्षाला १ लाख आणि त्या गाडीत वर्षाला ४० स्ट्रोकचे पेशंट, तर माणशी अडीच हजार. या ४० मधला एक जरी स्वतःच्या पायावर घरी गेला तरी लाख रुपये वसूल, कारण अंथरुणाला खिळलेल्या माणसामागे फिजिओथेरपी, औषधं आणि घरातल्या एकाची बुडालेली मजुरी वर्षानुवर्षं चालू राहते. पण पेशंट ४० च्या जागी ४ आले तर माणशी २५ हजार, हिशोब तिथं डगमगतो.

डोंगरवाट:
ताई हिशोब पटला पण दोन खर्च राहिले. पलीकडे रात्री २ वाजता कॉल उचलणारा न्यूरॉलॉजिस्ट, त्याचा पगार धरलाच नाही, तो मात्र पन्नास-साठ गाड्यांना मिळून एक चालेल. आणि घाटात रेंज जाते हो, व्हिडिओ अडकला तर साध्या फोनवर काम चालेल अशी सवय लावायला पाहिजे, तेही ट्रेनिंगच.

रात्रपाळी:
बरोबर. आणि ताईंच्या ४ पेशंटवरून आठवलं, स्ट्रोकची किती तरी माणसं १०८ ला फोन न करता रिक्षातून, जीपमधून येतात. गाडीत सोन्याचा कॅमेरा लावा, पेशंट गाडीत नसेल तर तो कोणाला बघणार? @माणदेशी_पोरगा तुम्ही फोन केला होता का?

माणदेशी_पोरगा:
नाही केला. शेजारच्या काकांची बोलेरो दारात होती, त्यात घातलं आणि निघालो, १०८ आमच्या डोक्यातच आलं नाही कारण आमच्याकडे ती बाळंतिणीची नाहीतर अपघाताची गाडी म्हणूनच माहितीय. निवेदन परत लिहितो. टॅबलेट आणि एक सामाईक न्यूरॉलॉजिस्ट मागतोच, पण त्याच्या आधी आशाताईंना घेऊन वाडी-वस्तीवर तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी वळली की लगेच १०८ हे सांगायची मोहीम मागतो. ताई, तुमचा ४० आणि ४ चा हिशोब त्यात घालू का?

हिशोबी_ताई:
घाल, फक्त आकडे धरलेले आहेत असं स्पष्ट लिही आणि तुमच्या तालुक्यातल्या गाडीत मागच्या वर्षी लकव्याचे किती पेशंट आले ते माहितीच्या अधिकारात विचार, खरा आकडा आला की मी परत मांडून देते. आप्पांची फिजिओ सोडू नका.